उधारीचा दावा कोणत्या कोर्टात लावायचा? माझा अनुभव

परजिल्ह्यातल्या व्यापाऱ्याला उधारीवर माल दिला, बाकी थकली, म्हणून मी वसुलीचा दावा लावला. वादपत्र (दाव्याची लेखी कैफियत) लिहायला बसण्याआधी तीन गोष्टी पक्क्या कराव्या लागतात. कोर्टाला या विषयावर अधिकार आहे का, या रकमेवर आहे का, आणि या प्रतिवादीला ते आपल्यापुढे आणू शकते का.

विषयाचे उत्तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 9 मध्ये आहे. कायद्याने मनाई केलेले सोडून सगळे दिवाणी वाद दिवाणी कोर्टात चालतात. सहकारी संस्थेच्या कारभारातला वाद सहकार न्यायालयात जातो. मालविक्रीच्या वादाला तशी मनाई नाही.

रक्कम मात्र जपून मोजावी. व्यापारी व्यवहारातला वाद 3 लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असला की 2015 चा वाणिज्यिक न्यायालयांचा कायदा लागतो, आणि त्यात दाव्याच्या तारखेपर्यंतचे व्याजही धरतात. मग तातडीचा अंतरिम हुकूम मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थीचा अर्ज करणे सक्तीचे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. व्याजासकट माझी बाकी 3 लाखांच्या आत होती. कलम 15 प्रमाणे दावा सर्वांत खालच्या सक्षम कोर्टात लावायचा असतो, त्यामुळे तो दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे गेला.

खरी लढाई हद्दीवर, म्हणजे कोणत्या ठिकाणच्या कोर्टात दावा चालेल यावर झाली. जमीनजुमल्याचा वाद असता तर प्रश्नच नव्हता, मिळकत असेल तिथेच दावा. पैशाच्या दाव्याला कलम 20 लागते: प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो तिथे, नाहीतर दाव्याचे कारण पूर्णतः किंवा अंशतः घडले तिथे. हा ‘अंशतः’ मला उपयोगी पडला. पण ‘दाव्याचे कारण या कोर्टाच्या हद्दीत घडले’ एवढे एक वाक्य लिहून भागत नाही. ऑर्डर कुठे स्वीकारली, माल कुठून रवाना झाला, पैसे कुठे द्यायचे होते, हे वादपत्रात तारखांसह लिहिले. सोबत ऑर्डरचा ईमेल, लॉरी पावती आणि त्याने आधीची बिले माझ्या इथल्या खात्यात भरल्याचा बँकेचा उतारा जोडला. प्रतिवादीने हद्दीची हरकत घेतली तेव्हा हाच उतारा कामी आला.

बिलाच्या तळाशी छापलेल्या ‘अमुक शहराच्या न्यायकक्षेत’ या ओळीवर फार भिस्त ठेवू नये. अधिकार असलेल्या दोन कोर्टांपैकी एक निवडायला करार चालतो. ज्या कोर्टाला अधिकारच नाही त्याला तो कराराने मिळत नाही. ही ओळ दोघांच्या सहीच्या करारात असलेली उत्तम.

हद्द चुकली तर आदेश 7, नियम 10 खाली वादपत्र परत मिळते. ते योग्य कोर्टात दाखल केले की दावा नव्याने सुरू होतो. मुदत कायद्याच्या कलम 14 खाली चुकीच्या कोर्टात गेलेला काळ वगळून मिळतो, पण सद्भावना आणि तत्परता दाखवावी लागते. दावा लावण्याची 3 वर्षांची मुदत संपत आली असेल तर हा धोका पत्करू नये.

प्रतिवादीच्या बाजूने पाहिले तर हद्दीची हरकत पहिल्याच संधीला, कोर्टाने वादाचे मुद्दे ठरवण्यापूर्वी घ्यावी लागते. नंतर अपिलात ती सहसा ऐकली जात नाही. विषयावरच अधिकार नसेल तर मात्र दोघांच्या संमतीनेही तो येत नाही, आणि तसा हुकूमनामा (दाव्याचा अंतिम आदेश) पुढे कधीही कोसळू शकतो.

समन्सकडे माझे सर्वांत जास्त लक्ष होते, कारण ते रीतसर बजावल्याशिवाय प्रतिवादीवर कोर्टाची पकड बसत नाही. दुकान आणि घर, दोन्ही पत्ते दिले. रजिस्टर पोस्टाचा लखोटा ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासह परत आला तर बजावणी झाली असे धरतात. ‘पत्त्यावर सापडत नाही’ असा शेरा आला तर 7 दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज करावा, नाहीतर दावा काढून टाकला जाऊ शकतो. चुकीच्या पत्त्यावर मिळवलेला एकतर्फा हुकूमनामाही प्रतिवादी रद्द करून घेऊ शकतो.

दरखास्तीच्या, म्हणजे मिळालेल्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागण्याच्या वेळी हद्द पुन्हा आडवी येते. प्रतिवादीची मालमत्ता त्याच्या जिल्ह्यात असल्याने इथल्या कोर्टाला तिथे जप्ती करता येत नव्हती. कलम 39 खाली अर्ज करून मी हुकूमनामा तिकडच्या कोर्टाकडे पाठवून घेतला.