दुबार पेरणी

तिफणीमागचा माणूस दोन ओळींतलं अंतर मोजत बसत नाही. त्याची मूठ चाड्यावर असते आणि बी सारखं पडतंय ना, एवढंच तो बघतो. अंतर फणांनी आधीच धरलेलं असतं. लाटेक, म्हणजे मजकुराची छापील पानं जुळवून देणारा प्रोग्रॅम, वापरायला घेतलं की नेमकं हेच पचायला जड जातं, कारण वर्डमध्ये स्पेसबार दाबदाबून मथळा मधोमध ढकलायची बोटांना सवय. इथं दहा स्पेस दिल्या तरी एकच धरली जाते. एक ओळ मोकळी सोडली की नवा परिच्छेद, पाच सोडल्या तरी तेवढंच. हा मथळा, ही तळटीप, असं नाव सांगून मोकळं व्हायचं. जागा ते ठरवतं.

याच्या पोटात आहे तो टेक हा मूळ प्रोग्रॅम, संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांचा. स्वतःच्या पुस्तकाची कळाहीन प्रुफं पाहून ते १९७०च्या दशकाच्या अखेरीस या कामाला लागले. पुढच्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक चढवलं.

लग्नपत्रिकेसाठी याच्या वाटेला जाऊ नये, कोपऱ्यावरचा डीटीपीवाला बरा. प्रबंध असेल तर मात्र जरूर. सगळं इन्स्टॉल करायला काही जीबी जागा लागते. सुरुवातीला ओव्हरलीफ पुरतं, ब्राउझरमध्येच लाटेक चालवून देणारी ही वेबसाइट. तिथं कंपायलर, म्हणजे फाइलीची पानं बनवणारा भाग, पीडीएफलाटेकवर असेल तर झीलाटेक निवडा, नाहीतर मराठी उमटायची नाही.

पहिली फाइल सहा-सात ओळींची. बॅकस्लॅश देऊन डॉक्युमेंटक्लास, चौकटी कंसात १२ पॉइंट आणि ए-फोर पेपर, महिरपी कंसात आर्टिकल. ए-फोर सांगितलं नाही तर अमेरिकन लेटर आकार धरून समास काढले जातात. मग फाँट निवडू देणारं फाँटस्पेक पॅकेज आणि सेटमेनफाँट. त्यात नोटो सेरिफ देवनागरी किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका. शेवटी बिगिन डॉक्युमेंट आणि एंड डॉक्युमेंट, मजकूर या दोन्हींच्या मधे. फाँटच्या नावासोबत चौकटी कंसात स्क्रिप्ट देवनागरी आहे, हे लिहायला विसरलात की 'परभणी' बऱ्यापैकी ठीक दिसते, पण 'हिंगोली'ची वेलांटी ह च्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. फाँट बदलत बसू नका, दोष त्या एका शब्दाचा असतो. जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो.

सगळ्यात बेरकी चिन्ह टक्क्याचं. तिफणीच्या नळीत माती बसली की बी पडत नाही, पण बैल थांबत नाहीत. तो तास मोकळा राहिलाय हे उगवल्यावरच कळतं. टक्क्याचंही तसंच. त्याच्यापुढचं ओळीच्या शेवटापर्यंतचं सगळं लाटेक शेरा समजून सोडून देतं. लातूरच्या एखाद्या शिकवणीच्या पत्रकात 'यंदा ९५% गुण मिळवणारे विद्यार्थी' लिहा, छापून येईल 'यंदा ९५'. ओळ न तोडता सलग टाइप केलं असेल तर पुढचा अख्खा परिच्छेद गायब, आणि एरर एकही नाही! टक्क्याच्या आधी बॅकस्लॅश दिला की झालं. 'पाटील & सन्स'मधलं चिन्ह निदान आरडाओरडा तरी करतं; औषध तेच.

महिरपी कंस बंद करायचा राहिला तर एरर भलत्याच ओळीवर दिसते. चाळीस एरर आल्या म्हणून घाबरू नये. पहिली तेवढी वाचावी, दाखवलेल्या ओळीच्या वर शोधावं. बाकीच्या बहुतेक तिचीच पिल्लावळ असतात.

आणि अनुक्रमणिका. ती घातली, फाइल चालवली, तर नुसतं शीर्षक येतं आणि खाली काहीच नाही. पहिल्या फेरीत पानांचे आकडे बाजूच्या फाइलीत टिपून ठेवले जातात, दुसऱ्या फेरीत ते वाचले जातात. ओव्हरलीफ या फेऱ्या आपणहून मारतं, स्वतःच्या मशिनवर त्या आपण मारायच्या. दुबार पेरणी म्हटलं की मराठवाड्यात पोटात गोळा येतो, इथं मात्र ती रीतच आहे. आणि मधे शिरलेल्या अनुक्रमणिकेनंच दोन पानं खाल्ली, तर पुढचे आकडे सरकतात, मग तिबार.