तुम्ही विचारलंत म्हणून: एचडी ६०० कपाटात का पडलाय?

परवा परत तेच झालं. भाचा घरी आला, कपाट उघडलं, एचडी ६००, म्हणजे माझा तो 'अचूक' आवाजाचा महागडा हेडफोन, खोक्यासकट बाहेर काढला आणि माझ्या गळ्यात लटकणाऱ्या पोर्टा प्रो या दुसऱ्या, जुन्या घडणीच्या हेडफोनकडे बघून म्हणाला, "मामा, दोन वर्षं अचूक अचूक करून तूच आमचं डोकं खाल्लंस ना? मग स्वतः हे वॉकमनच्या काळातलं काय घालून बसलायस?" ऑफिसात हेच, मित्रांच्या ग्रुपवर हेच, आणि ज्यांनी माझ्या सांगण्यावरून अचूकवाला घेतला त्यांचा सूर तर थेट भांडणाचाच. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवून देईन.

आधी कबुली. हो, डोकं खाल्लंय. माझं ठरलेलं वाक्य होतं, "रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते ऐका, हेडफोन बनवणाऱ्याची आवडनिवड कशाला ऐकायची?" आजही या वाक्याला माझ्याकडे धड उत्तर नाहीये. पोर्टा प्रोचा बेस फुगलेला आहे, वरचा आवाज मऊ पडलेला आहे, तानपुरा जरा ब्लँकेटमधून आल्यासारखा वाटतो, हे मला माहितीये आणि तुम्ही परत परत सांगायची गरज नाही. १९८४ पासून विकला जातोय, चाळीस वर्षं लोक उगाच घेत नसतील ना. (हां, चाळीस वर्षं लोक गुटखाही खातायत, कळलं.)

मी जेव्हा जोरात होतो तेव्हा समोरच्याला ग्राफ दाखवायचो, हेडफोन कोणता सूर किती मोठा देतो त्याचे. सपाट, म्हणजे अचूक, म्हणजे सरळ रेष नव्हे रे बाबा, आपल्या कानाची नळी स्वतःच ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवून आत पाठवते, समोर बसून गाणाऱ्याचा आवाजही तसाच वाढून पोचतो, हेडफोन मात्र कानालाच चिकटलेला असल्यामुळे त्याला तो उंचवटा मुद्दाम द्यावा लागतो, चांगला दहाएक डेसिबलचा, वगैरे वगैरे. मग हर्मनचा वक्र, म्हणजे चांगल्या हेडफोनचा ग्राफ कसा असावा याचा हर्मन कंपनीचा नमुना. तिथल्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी या संशोधकांनी २०१३ च्या सुमारास माणसं बसवून, त्यांना ऐकवून, काय आवडतं ते विचारून काढलेला. म्हणजे बघा, मी ज्याला 'अचूक' म्हणून मिरवायचो तोसुद्धा शेवटी आवडीचाच हिशोब निघतो, पण तेव्हा ते सोयीस्कर विसरायचो. पुढे त्यांनीच ऐकणाऱ्यांचे गट पाडले तेव्हा ६४ टक्क्यांना तो वक्र पसंत होता, १५ टक्क्यांना बेस आणखी हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. मी ते ६४ घेऊन भांडायचो आणि उरलेल्या ३६ बद्दल म्हणायचो, यांचे कान तयार नाहीत.

आता मूळ गोष्ट. जवळच्या मित्राची मुलगी गाणं शिकते. तिच्या क्लासमध्ये गुरुपौर्णिमेला प्रत्येकाचं एकेक रेकॉर्डिंग हॉलमध्ये वाजवायचं ठरलं आणि मित्र म्हणाला, तुझ्याकडे सगळं सामान आहे, तूच कर. मी तर आनंदाने तयार. त्यांच्याच हॉलमध्ये, पंखा बंद करून, मागे गादी उभी लावून यमनमधली एक बंदिश घेतली. तबला, पेटी, तानपुऱ्याचं मशीन. पोरगी सुंदर गायली, हे मी आजही सांगतो. मग चार रात्री बसून मिक्स केलं. तेव्हा माझ्याकडे एक बेस आणि ट्रेबल दोन्ही वाढवलेला, व्ही आकाराचा हेडफोन होता, मजा यायची त्यावर. आवाज जरा मागे वाटला म्हणून पुढे ओढला, पेटीत हवा कमी वाटली म्हणून वर उचलली, तानपुऱ्याच्या जवारीला, म्हणजे तारांच्या त्या झंकाराला, चमक दिली.

गुरुपौर्णिमेला हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं. पहिल्या आलापापर्यंत ठीक होतं. मग बंदिशीतलं 'सखी' आलं आणि तो 'स' सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा सुटला. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी डोळेच मिटून घेतले, म्हणजे तल्लीन होऊन नव्हे. तानपुरा डासांसारखा. मला मात्र खरं सांगतो, मागे बसून ते इतकं वाईट वाटत नव्हतं, मला आधी कळलंच नाही की लोक असे का बसलेत. संपल्यावर गुरुजी, पंचाहत्तरीचे, अगदी हळू म्हणाले, "गळा सुरेल आहे हो. पण मागे ताटं कोण घासत होतं?" सगळे हसले. मीही हसलो. पोरगी नाही हसली. बाहेर चपला घालताना तिने मला विचारलं, "काका, माझा आवाज खरंच असा आहे?"

मी काय म्हणालो असेन? "नाही गं, तो हेडफोन चुकीचा होता." पटकन उत्तर सापडलं, आणि ते खोटं आहे हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात एचडी ६०० घेतला. १९९७ पासूनचा मॉडेल, स्टुडिओवालेही ज्याच्यावर विश्वास ठेवतात तो, ३०० ओह्मचा, म्हणजे फोनला लावून काही होत नाही, त्याला वेगळा ॲम्प्लिफायर, तोही घेतला. बायकोला खर्च अर्धाच सांगितला. आणि तेव्हापासून माझं प्रवचन सुरू झालं, ज्याचा तुम्हाला सगळ्यांना त्रास झाला. माझी चूक रंगीत हेडफोनवर ढकलायची तर जगातले सगळेच रंगीत हेडफोन वाईट असायला हवे होते, इतकं साधं होतं ते.

मग मी ती बंदिश परत मिक्स केली. पोरीला देणं लागतो या भावनेने. अचूक हेडफोनवर आवाज जरा बंद वाटला, नाकावर रुमाल धरून गातेय असा. मला वाटलं हेच खरं, रेकॉर्डिंगच बंद झालंय, म्हणजे उघडायला हवं. ४ किलोहर्ट्झला ५ डेसिबल उचलले आणि मित्राला पाठवलं. दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "अरे, राहू दे आता. तिलाही परीक्षा आहे." मी तावातावाने हेडफोन बायकोच्या डोक्यावर चढवला, म्हटलं तूच सांग. तिने दहा सेकंदांत काढला. "दात शिवशिवले माझे. तू एकदा कान दाखवून ये."

कान तपासायची ती काचेची खोली बघितलीये कुणी? आत बसवतात, हातात बटण देतात, टूं ऐकू आलं की दाबायचं. खालचे सूर झाले, मधले झाले, मी विद्यार्थ्यासारखा टकाटक दाबत होतो. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं मशीन बंद पडलं. काचेतून बघितलं तर बाहेरची मुलगी खाली बघून काहीतरी फिरवत होती, परत फिरवत होती, आणि मला कळलं की मशीन चालू आहे.

कागद हातात आला. उजवा कान लाल गोल, डावा निळ्या फुल्या. दोन हजारापर्यंत सरळ, मग ४००० हर्ट्झला डावा ४५ डेसिबलवर घसरलेला, उजवा ३०, आणि ८००० ला दोघेही परत थोडे वर. आयुष्यात मी शेकडो ग्राफ बघितलेत. असा खड्डा एखाद्या हेडफोनच्या ग्राफवर दिसला असता तर मी त्याला चार परिच्छेद फाडून खाल्ला असता. हा माझा होता.

डॉक्टरांनी फक्त विचारलं, "कारखान्यात काम केलंय का?" म्हटलं नाही, पथकात होतो. पुणेकरच ते, लगेच कळलं. "ढोल?" "ताशा." नऊ वर्षं. आषाढात नदीपात्रात सराव सुरू व्हायचा तो विसर्जनापर्यंत, ताशांची ओळ एकमेकांना खेटून, माझ्या डावीकडचा मुलगा तर माझ्या कानातच वाजवायचा, आणि कापूस घालणाऱ्याला आम्ही चिडवायचो. डॉक्टर म्हणाले, मोठ्या आवाजाचा मार साधारण इथेच बसतो, कारण कानाची नळी नेमका याच्या जवळपासचा आवाज वाढवून आत सोडते, आणि आतल्या केसपेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. नळीचं मला माहीत होतं हो. तेच तर मी लोकांना ग्राफ दाखवून शिकवत होतो.

तर आता सांगा, अचूक म्हणजे कुणासाठी अचूक?

इथे माझ्यातला जुना मी लगेच उठून उभा राहतो, आणि तो मूर्ख नाहीये. तो म्हणतो, मैफलीला जातोस तेव्हा हेच कान घेऊन जातोस ना? तिथे कुठे बटणं पिळतोस? समोर बसलेल्या गायकाचा आवाज तुला ज्या खड्ड्यासकट ऐकू येतो, त्याच खड्ड्यासकट हेडफोनमधून यायला हवा, म्हणजे अचूक हेडफोन तुझ्यासाठीही अचूकच आहे, चूक फक्त इतकीच की तू दुसऱ्यांसाठी मिक्स करायला बसलास. बरोबर आहे. मुद्दा खोडता येत नाही. खड्डा भरायला ईक्यूने, म्हणजे एकेका पट्टीचा आवाज कमीजास्त करायच्या बटणांनी, ४ किलोहर्ट्झ उचलूनही बघितलं, तर हळू आवाजात छान वाटतं आणि जरा मोठा केला की टोचायला लागतं, कारण अशा कानाला बारीक आवाज ऐकू येत नाही पण मोठा मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो. म्हणजे तोही रस्ता बंद.

मग पोर्टा प्रो का? कारण एचडी ६०० घातला की मी गाणं ऐकत नाही, स्वतःला तपासत बसतो. हा 'स' पूर्ण आला का, पेटीच्या वरच्या पट्टीत अजून काही होतं का, जवारी खरंच इतकीच आहे की मला इतकीच पोचतेय. प्रत्येक गाणं म्हणजे ती काचेची खोली. पोर्टा प्रोकडून तशी अपेक्षाच नाही, वरचं काही कमी पडलं तर तो हेडफोनचा दोष, माझा नाही. शिवाय रात्री ओटा आवरताना मी एकदम हळू आवाजात ऐकतो, आणि हळू ऐकताना माणसाच्या कानाला बेस आपोआप कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय, जुन्या टेपवर 'लाउडनेस' म्हणून बटण असायचं ते त्यासाठीच. तर फुगलेला बेस तिथे उलट हिशोब पुरा करतो. पटलं? मला अर्धंच पटतं. लाउडनेसचं कारण मी नंतर शोधून काढलंय, आवडला आधी होता.

आणि भाच्या, तू विचारलंस की मग मी कोणता घेऊ. तुझे कान चांगले आहेत, अचूकवाला घे, माझाच घेऊन जा. नाहीतर नको, राहू दे कपाटात, देववत नाही.

यंदा जुन्या पथकाचा सराव बघायला नदीपात्रात गेलो होतो. शहाण्यासारखा फोमचे बोळे घालून. ढोल छातीत बसत होता, तो कुठे जातो, पण ताशा नुसता थपथप, ओल्या पुठ्ठ्यावर काड्या मारल्यासारखा, कारण हे बोळे वरचा आवाज जास्त खातात. पाच मिनिटं उभा राहिलो. मग डाव्या कानातला काढून खिशात टाकला. तो तसाही गेलेलाच आहे.