हिडकल ते नविलुतीर्थ : तीन दिवस पाण्याच्या काठानं

बेळगावात राहून आम्ही कोल्हापूर, गोवा, हुबळी हजारदा केलं. मधल्या गावांकडे कधी गाडी वळवली नव्हती. संक्रांत झाल्यावर आईला घेऊन निघालो. तीन दिवस, अंदाजे पावणेतीनशे किलोमीटर.

यमकनमर्डी-हत्तरगीच्या पट्ट्यात हायवे सोडून उजवीकडे वळलं की हिडकल. चंदगडकडून येणारी घटप्रभा इथं अडवली आहे. आमच्या वेळी पाणी भरपूर होतं, पलीकडचा काठ धुरकट दिसत होता. हुन्नूरचं बुडालेलं जुनं विठ्ठल मंदिर बघायचं असेल तर मात्र उन्हाळ्यात या, पाणी उतरल्यावरच ते वर येतं. धरणाच्या भिंतीवर जायला परवानगी लागते. काठावरून जे दिसतं तेवढं पुरे आहे. हुक्केरीत आदिलशाही काळातले घुमट आहेत, वाटेतच पडतात. अर्धा तास द्या.

आम्ही मुक्काम गोकाकला केला. लॉज बरेच आहेत आणि धबधबा फक्त ६ किलोमीटरवर. दुसऱ्या दिवशी पहाटे उलटं धुपदाळला गेलो. घटप्रभेवरचा हा जुना बंधारा, त्यामागचं उथळ पाणी म्हणजे पक्षी अभयारण्य. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कांड्या करकोचे उतरतात. ऊन चढायच्या आत पोचा, दुर्बीण न्या, मुलांना हळू बोलायला सांगा. आम्ही दोन तास हललो नाही.

गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा, घोड्याच्या नालासारखा. १८८७ मध्ये याच पाण्यावर इथं वीज तयार झाली होती. पण वरचं पाणी धरणात आणि कालव्यांत जातं, त्यामुळे जानेवारीत काळ्या खडकावरून दोन-चार धारा तेवढ्या दिसल्या. खरा धबधबा जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा पक्षी नसतात. दोन्ही एका फेरीत मिळत नाही, काय हवं ते आधी ठरवा. पाणी कमी असलं तरी खडकाच्या कडेला जाऊ नका. झुलता पूल कधीकधी बंद असतो. काठावरचं महालिंगेश्वराचं जुनं देऊळ चुकवू नका.

करदंट, म्हणजे गोकाकची डिंकाची मिठाई, गावातच घ्या. कन्नडमध्ये ‘करिद’ म्हणजे तळलेला आणि ‘अंटु’ म्हणजे डिंक, त्यावरून हे नाव. जेवायला ‘खानावळी’ अशी पाटी शोधायची: ज्वारीची भाकरी, यण्णीगाई म्हणजे भरलं वांगं, शेंगाचटणी, दही. आत पाऊल टाकताच ‘बर्री, ऊटा माड्री’, म्हणजे या, जेवा. आमचं कन्नड मोडकंच, पण दोन शब्द बोललो की समोरचा मराठीत येतो. पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतात, तेव्हा गाडी थांबवून विचारा. फोनच्या नकाशानं आम्हाला यरगट्टीच्या अलीकडे उसाच्या फडात नेलं होतं. हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागच्या दिव्यांशिवाय चालतात. अंधार पडल्यावर या रस्त्यांवर गाडी नकोच.

तिसरा दिवस सौंदत्तीचा. पौर्णिमा, मंगळवार, शुक्रवार टाळा. यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्यांची रांग लागते. आम्ही बुधवारी गेलो, आईला देवीसमोर शांतपणे उभं राहता आलं.

नंतर नविलुतीर्थ. नविलु म्हणजे मोर. दोन डोंगरांच्या खिंडीत मलप्रभा अडवली आहे. धरण १९७२ चं, जलाशयाचं नाव रेणुकासागर. आईचं माहेर खानापूरचं. कणकुंबीत उगम पावणारी ही नदी तिच्या लहानपणी असोग्याला घोट्याएवढी असायची, त्यात तिनं धुणं धुतलंय. इथं समोर दुसरा काठ दिसेना. ‘ही आपली मलप्रभा?’ तिनं दोनदा विचारलं. मग चप्पल काढून काठावरच्या दगडावर बसली.

पुढे बैलहोंगलला राणी चन्नम्माची समाधी बघायची होती, तिथून बेळगाव. समाधी राहिली, कारण आई उठली ती सूर्य टेकल्यावर, आणि उसाच्या ट्रॅक्टरांमुळे आम्ही सौंदत्तीतच आणखी एक रात्र काढली. तुम्ही आलात तर नविलुतीर्थाची संध्याकाळ मोकळीच ठेवा, आणि खोली आधी बघून ठेवा.