बंद हॉलमधला बेस

मिरवणुकीचा साउंड सेटअप लावणारे ऑपरेटर सोलापुरात गल्लोगल्ली आहेत आणि त्यातले बरेच जण आपल्या कामात तरबेज आहेत. पण रस्त्यावर जे चालतं तेच बंद हॉलमधल्या क्लब नाइटला, म्हणजे डीजेवर नाचायच्या कार्यक्रमाला, अंगाशी येतं. रस्त्यावर आवाज सुटून जातो, म्हणून तिथे स्पीकरच्या पेट्या वाढवत जाणं हाच उपाय. हॉलमध्ये भिंती, स्लॅब आणि टाइल्स प्रत्येक ठोका परत पाठवतात. तिथे सोळा बेस, म्हणजे खालच्या धडधडीच्या पेट्या, रचले की गाणं कळत नाही, नुसती घुमघुम ऐकू येते. नाचायला आलेली मंडळी अर्ध्या तासात पार्किंगमध्ये जाऊन गप्पा मारत उभी राहतात, आणि आयोजक म्हणतो, सोलापूरच्या पब्लिकला क्लब कळत नाही. पब्लिकला कळतं. हॉलला आवाज जुळवून लावलेला नसतो.

हिशेबासाठी १५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि साडेचार मीटर उंच हॉल धरू. साखरपुडे-बारशांचे हॉल साधारण एवढेच असतात. माणसं दीडशे. एवढ्यासाठी डबल अठराचे, म्हणजे अठरा इंची दोन स्पीकर असलेले, चार बेस आणि बाकीचा आवाज देणारे दोन बरे टॉप पुरतात. मिरवणुकीतल्यासारख्या प्रेशर मिडच्या (मधल्या आवाजाच्या पेट्यांच्या) भिंती नकोत. बाकीचे पैसे प्रोसेसर (आवाज वाटून पेट्यांना देणारं यंत्र) आणि दोन तासांच्या साउंड चेकवर घालवावेत.

सगळ्यात जास्त चुका बेसच्या जागेत होतात. सवयीने दोन डावीकडे, दोन उजवीकडे ठेवले जातात, कारण स्टेज भरल्यासारखं दिसतं. ५० हर्ट्झच्या आवाजाची लांबी ६.९ मीटरच्या आसपास असते. म्हणजे डाव्या बेसपेक्षा उजवा बेस त्याच्या निम्मा, साधारण ३.४ मीटर, लांब पडेल अशा जागी दोन्हींचे ठोके एकमेकांना मारतात. मधोमध उभं राहिलं तर छाती हलते, चार पावलं बाजूला गेलं तर बेस गायब. म्हणून चारही बेस स्टेजकडच्या भिंतीच्या मध्यावर एकत्र ठेवायचे. आणि भिंतीला अगदी चिकटवून. डीजेच्या टेबलाला जागा हवी म्हणून बेस भिंतीपासून पावणेदोन मीटर पुढे ओढले, की मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून अर्धी लाट उशिरा, म्हणजे उलटा पडून, परत येतो आणि नेमके ५० हर्ट्झच खातो. मग ऑपरेटर फेडर वर ढकलतो, ॲम्प तापतो, पण त्या जागेचा बेस काही भरत नाही. असा खड्डा ईक्यूने, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या बटणांनी, बुजत नसतो. ईक्यूने फक्त उंचवटे छाटायचे. टेबल बेसच्या पुढे घ्यायचं नसेल तर बेसवरच फळी टाकून बूथ करतात, पण मग मिक्सर आणि डेकखाली जाड फोम हवा, नाहीतर टर्नटेबल असेल तर सुई थरथरते आणि घूं सुरू होतं.

टॉप स्टँडवर असे चढवायचे की हॉर्न (वरचा आवाज फेकणारा कर्णा) पुढच्या रांगेच्या डोक्यावरून जाईल, आणि तोंड किंचित खाली, नाचण्याच्या जागेच्या मागच्या टोकाकडे. हॉलच्या मागच्या भिंतीवर सरळ रोखलेला टॉप म्हणजे फुकटचा प्रतिध्वनी. क्रॉसओव्हर, म्हणजे जिथे बेसचं काम संपून टॉपचं सुरू होतं ती जागा, ८० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान ठेवायचा. बेसला ३० ते ३५ हर्ट्झच्या खाली कापून टाकायचं, कारण पोर्टवाल्या (हवेचं भोक असलेल्या) पेटीत त्याच्या खाली स्पीकरचा पडदा मोकाट हलतो आणि कॉइल जाते. टॉप बेसच्या दोन मीटर पुढे असले तर त्यांना ६ मिलिसेकंदांच्या आसपास डिले द्यावा लागतो, म्हणजे त्यांचा आवाज तेवढा उशिरा सोडावा लागतो. आवाजाला एक मीटर जायला साधारण २.९ मिलिसेकंद लागतात. हा आकडा सुरुवातीपुरता. नेमकं जुळवायचं तर क्रॉसओव्हरचा, म्हणजे ९० हर्ट्झचा, टोन लावायचा, बेसची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी करायची आणि नाचण्याच्या जागेवर उभं राहून डिले असा हलवायचा की टोन सगळ्यात बारीक होईल. तिथे थांबून पोलॅरिटी परत सुलटी केली की बेस आणि टॉप एका सुरात बोलतात. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते फारसं कुणी करत नाही. मोजायला मापाचा माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं.

आता घुमणं. रिकाम्या हॉलमध्ये एक टाळी वाजवा. शेपूट दोन सेकंद रेंगाळलं तर हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) आणि गाणाऱ्याचा आवाज एकमेकांत चिकटणार. इथे सोलापूरकरांचं नशीब चांगलं: अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींचा सेकंडचा माल मिळतो. जाड चादरी भिंतीवर ताणून लावू नका. दुप्पट कापड घेऊन चुण्या पाडून, भिंतीपासून १५ सेंटीमीटर पुढे दोरीवर टांगा. एवढ्या अंतराने साधारण ५००-६०० हर्ट्झपासून वरचा आवाज चांगला खाल्ला जातो. आधी मागची भिंत, मग एक बाजू; दोन्ही बाजू झाकायची गरज पडत नाही. चादरीने बेस मात्र कमी होत नाही, तसं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. सुती कापड पेटतं, म्हणून हॅलोजन आणि पार लाइटपासून किमान एक मीटर लांब, आणि बाहेर पडायचं दार कधीही झाकायचं नाही. हॉल भरला की माणसं आणि कपडेही आवाज शोषतात. साउंड चेकला वरचा आवाज थोडा टोचतोय असं वाटलं तर तसाच राहू द्यावा.

विजेच्या बाबतीत कंजूषपणा नको. थ्री फेज जोडण्याआधी प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यातला व्होल्टेज मोजायचा, आधी रिकामा आणि मग एका फेजवर हजार वॉटचा हॅलोजन लावून. लोड दिल्यावर एक फेज खाली आणि दुसरा २६०-२७० च्या वर चढत असेल तर न्यूट्रल ढिला आहे. तो मधेच सुटला तर एखाद्या फेजवर तीनशेच्या वर व्होल्टेज जातो आणि ॲम्प, प्रोसेसर, लॅपटॉपचा चार्जर एका झटक्यात गेले म्हणून समजा. सगळा साउंड एका फेजवर, लाइट दुसऱ्यावर. लॅपटॉपचा चार्जर लावताच घूं ऐकू आलं तर लॅपटॉपच्या ऑडिओ वायरमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरा. अर्थिंगची पिन कापून घूं घालवणारे महाभाग आहेत; माइक धरणाऱ्याचा जीव त्या पिनेवर असतो.

उकाड्याचा हिशेब तर कुणी करतच नाही. नाचणारा माणूस साधारण २५० वॉट उष्णता सोडतो. दीडशे माणसांचे ३७ किलोवॉटच्या वर झाले, म्हणजे नुसत्या माणसांसाठी साडेदहा टन एसी. त्यात एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीही उष्णता सोडत असतो. पाच टनांवर भागवायला गेलं की दार उघडं ठेवावं लागतं, आणि दार उघडलं की सगळा बेस शेजारच्या घरात.

डीजेला एकच गोष्ट समजावून सांगायची: मिक्सरचा लाल दिवा लागता कामा नये. नारिंगी अधूनमधून चालेल. लाल म्हणजे आवाज वाढला नाही, लाटेचा माथा कापला गेला. पुढचा लिमिटर (आवाज ठरावीक हद्दीत अडवणारा) त्याला आणखी दाबतो आणि हॉर्नचा डायफ्रॅम जळतो. कमी पडतंय वाटलं तर आवाज सिस्टिमवाल्याकडून वाढवून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा ठिकाणांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सांगितली. चांगल्या जुळवलेल्या हॉलला तेवढीही लागत नाही. सुरुवातीला ९२ वर ठेवून हळूहळू चढवलं तर लोकांना रात्र चढत गेल्यासारखी वाटते; पहिल्याच गाण्याला शंभर गाठलं तर पुढे जायला जागाच राहत नाही. दारावर इअरप्लग ठेवा. फोमचे स्वस्त असतात, पण वरचा आवाज खाऊन सगळं गढूळ करतात. फिल्टरवाले बरे.

दाराबाहेरच्या शेजाऱ्यांचं बघितल्याशिवाय तारीख ठरवू नका. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे; बंद सभागृहाला सूट आहे, पण सभागृहाच्या हद्दीबाहेर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त जायला नको. रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ आहे. दहानंतर रस्त्यावरची वर्दळ ओसरते, त्यामुळे आत काहीही न बदलता बाहेर बेस जास्त ऐकू येतो. तेव्हा दहाला बेस ६ डेसिबल खाली. टॉप तेवढेच ठेवले तर आत फारसं जाणवत नाही. शक्य असेल तर दाराला दुसरं दार किंवा जाड पडदा लावून मधे दोन मीटरची बोळ करा, म्हणजे माणूस आत-बाहेर करताना दोन्ही दारं एकदम उघडत नाहीत. कार्यक्रम सातला सुरू करणं सगळ्यात सोयीचं. पब्लिक नऊच्या आत येत नाही हे खरं, पण पहिल्या डीजेचा स्लॉट त्यासाठीच असतो.

पोलिसांची परवानगी, गाण्यांसाठी आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांची संस्था) आणि पीपीएलची (रेकॉर्डिंगचे हक्क सांभाळणारी कंपनी) लायसन्स, दारू देणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा तात्पुरता परवाना, हे सगळं आधी उरकून एका फायलीत दाराजवळ ठेवायचं.

शेवटी बंद करताना आधी ॲम्प, मग प्रोसेसर, शेवटी मिक्सर. चालू करताना याच्या उलट. घाईत कुणी आधी मिक्सरची पिन ओढली तर जो ‘ठप्प’ आवाज येतो, त्यात टॉपचा ड्रायव्हर जातो आणि भाड्याच्या डिपॉझिटवरून रात्री एकला वाद सुरू होतो.