टोपीवरचं बटण

इंदूरच्या रामबागेत आमचं युनिफॉर्म शिवायचं दुकान आहे. शाळांचे गणवेश, दवाखान्यांचे कोट, बँडवाल्यांचे पोशाख आणि अलीकडे खेळाडूंचे ट्रॅकसूट. कॅपचं काम माझ्याकडे असतं. ऑर्डर देणारे लोक सगळं ठरवून निघतात आणि दारातून वळून म्हणतात, "आणि हो, कॅपही द्या बरोबर." रंग कोणता, लोगो कुठे, एवढं विचारलं की विषय संपतो. मला हे कधीच पटलेलं नाही. पँट सैल झाली तर माणूस वर ओढतो आणि कामाला लागतो. कॅप चुकली तर ती दिवसभर डोळ्यांच्या वर बसून त्रास देते, आणि शेवटी माणूस ती काढून टाकतो. नेमकी जेव्हा लागते तेव्हाच ती डोक्यावर नसते.

मे महिन्यात महूच्या बाजूला एका शूटिंग क्लबच्या मुलांची मापं घ्यायला गेले होते. महू जवळ असल्यामुळे आमच्याकडच्या मुलांना नेमबाजीचं अप्रूप कमी आणि ओढ जास्त. लष्कराचं मार्क्समनशिप युनिट, म्हणजे नेमबाज घडवणारं पथक, तिथेच आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार तेव्हा त्याच युनिटमध्ये होते. मुलींच्या बोलण्यात मात्र कोल्हापूरच्या राही सरनोबतचं नाव जास्त येतं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण तिने जिंकलं, आणि या मुलींनाही तोच प्रकार खेळायचा असतो.

आत जायच्या आधी क्लबच्या सरांनी मलाही चष्मा आणि कानांवर लावायचे मफ दिले. "बघणाऱ्यालाही नियम तेच, ताई," म्हणाले. रेंज उत्तरेकडे तोंड करून बांधलेली होती. नेमबाजाच्या पाठीमागे सूर्य राहावा म्हणून उघड्या रेंज अशाच बांधतात. मापं घ्यायला वेळ होता, म्हणून मी मागच्या बाकावर बसून सराव बघत राहिले.

मुलींचा रॅपिडचा, म्हणजे २५ मीटर पिस्तूलमधल्या झटपट टप्प्याचा, सराव चालू होता. यात गोळी पॉइंट टू-टूची, म्हणजे साधारण ०.२२ इंच जाडीची असते. हात खाली पंचेचाळीस अंशांत धरून थांबायचं, समोर हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात उचलून एकच गोळी झाडायची. मग सात सेकंद लाल दिवा, आणि पुन्हा तेच. अशा पाच गोळ्यांची एक मालिका. पिस्तूल आपोआप भरणारं असल्यामुळे प्रत्येक गोळीनंतर रिकामी पितळी पुंगळी उजवीकडे उडते. ती शेजारच्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून दोन जागांच्या मध्ये आडोसा असतो. पुंगळी जेमतेम दीड सेंटिमीटर लांब, पण नुकतीच नळीतून निघालेली, म्हणजे चांगलीच तापलेली.

माझ्या समोरच उभी असलेली राजेंद्रनगरची एक मुलगी, अकरावीतली. तिच्या पिस्तुलातून उडालेली पुंगळी आडोशावर आपटली, परत फिरली आणि दिसेनाशी झाली. तिची मान किंचित आखडलेली दिसली. बाकी काहीच हललं नाही. पिस्तुलाचा हात तसाच लक्ष्याकडे, डावा हात खिशात तसाच. तिने बोट ट्रिगरवरून बाहेर घेतलं, हात हळूहळू खाली आणला, मॅगझिन काढलं, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, उघडी करून पिस्तूल समोरच्या टेबलावर ठेवलं, तोंड पुढेच. मग एक पाऊल मागे येऊन तिने चष्मा काढला आणि त्यातून पुंगळी टण्णकन फरशीवर पडली. भुवईखाली, पापणीच्या जरा वर, लालभडक डाग उमटलेला होता.

सर तोवर "स्टॉप" ओरडले होते. सगळ्यांनी पिस्तुलं रिकामी करून ठेवल्यावर तिला नळाखाली नेलं. डोळा वाचला होता, पापणीही ठीक होती.

मी शिवणकाम करणारी बाई, बंदुकांशी माझा काही संबंध नाही. तरीही त्या सेकंदांत काय होऊ शकलं असतं ते मला कळलं. डोळ्याशी चटका बसला की कुणाचाही हात चेहऱ्याकडे जातो, आणि इथे त्या हातात भरलेलं पिस्तूल असतं. सर म्हणाले, म्हणूनच नव्या मुलांना नेम शिकवायच्या आधी हे शिकवतात, की भाजलं तरी नळीचं तोंड पुढेच राहिलं पाहिजे. त्या मुलीने ते करून दाखवलं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीचा तो ताबा बघून माझे डोळे भरून आले, हे मला मोकळेपणाने सांगावंसं वाटतं.

मग सरांनी तिला विचारलं, "टोपी कुठे होती?"

"घातली होती, सर."

खरंच घातली होती. पण डोक्यावर इतकी मागे सरकवलेली, की पुढचा व्हायझर, म्हणजे कॅपची पुढे आलेली कड, आभाळाकडे बघत होता. रेंजवर कॅप घालायची ती फक्त उन्हासाठी नसते. व्हायझर कपाळ आणि चष्म्याची वरची फट झाकतो, वरून आलेली पुंगळी त्याच्यावर पडून घरंगळून जाते. मागे सरकवली की ती फट उघडी पडते, आणि चष्म्याच्या आत शिरलेल्या पुंगळीला बाहेर पडायला वाट नसते. चष्मा तिला कातडीला चिकटवून धरतो.

"अगं, मग मागे का सरकवतेस?" मी विचारलं.

"डोकं दुखतं, काकू. थोड्या वेळाने इतकं ठणकतं की नेमाकडे लक्ष राहत नाही."

मी तिला सगळं माझ्यासमोर पुन्हा घालायला सांगितलं, घालते तसंच, त्याच क्रमाने: चष्मा, कॅप, वरून मफ. मफचे दोन्ही कप कानांवर घट्ट बसावेत म्हणून त्यांना जोडणारी पट्टी डोक्यावरून जाते आणि चांगला दाब देते. ती पट्टी बरोबर कॅपच्या शेंड्यावरच्या बटणावर बसत होती. वाटाण्याएवढं बटण, वरून कापड, आत पत्रा. मी बोटाने टाळू चाचपली तर तिथे खळगा पडला होता आणि ती कळवळली. कॅप मागे सरकवली की बटण पट्टीखालून निसटायचं आणि ठणका थांबायचा. व्हायझर वर जायचा तो त्यापायी.

मग मी बाकीच्यांच्या डोक्यांकडे बघितलं. एकाने कॅप उलटी घातली होती. एकीने बटण पकडीने उपटलं होतं, पण त्याचा पत्र्याचा दांडा आतल्या बाजूला टोचत राहिला होता. दोघांनी कॅप सोडूनच दिली होती. सगळ्यांच्या कॅपा चांगल्या दुकानातल्या, दिसायला देखण्या. आरशासमोर उभं राहून घेतलेल्या. आरशासमोर कुणी मफ लावून उभं राहत नाही.

सरांना म्हटलं, ट्रॅकसूट राहू द्या, आधी ही कॅप करू.

आता हे बटण असतंच कशाला? नेहमीच्या कॅपला सहा कळ्या, म्हणजे कापडाचे तिकोनी तुकडे असतात. सहाही शेंड्याला एका बिंदूत मिळतात. प्रत्येक शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, दोन्ही बाजूंनी दुमडली, की त्या बिंदूवर कापडाचे बारा पदर जमतात. तो गठ्ठा झाकायला वर बटण ठोकतात. म्हणजे नुसतं बटण काढून भागत नाही, खालची गाठ पट्टीखाली टोचतच राहते. कळ्या तिथे मिळताच कामा नयेत. म्हणून मी कपाळापासून मानेपर्यंत एक सलग रुंद पट्टी घेतली आणि दोन्ही अंगांना एकेक कळी जोडली. शेंड्यावर एकही सांधा नाही. मफची पट्टी ज्या दोन शिवणींवरून जाते, त्यांची माया उघडून दाबली आणि आतून मऊ टेप लावली. आमचे कटिंगमास्टर आधी कुरकुरले, कारण अशा कॅपला समोरून तो ऐटदार उंचवटा येत नाही. समोरचा बक्रम, म्हणजे कापड ताठ ठेवणारं अस्तर, तोही मी काढून टाकला होता. पण डोक्याला लागून बसणारी कॅपच मफखाली टिकते, उंच कॅपला पट्टी चेपते आणि ती कपाळावरून वर सरकते.

कापड एम. टी. क्लॉथ मार्केटमधून आणलं, फिकट राखाडी सुती ट्विल. व्हायझरची खालची बाजू मात्र मुद्दाम गडद केली, चमक नसलेल्या काळ्या कापडाची. आमचं इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा वरचं ऊन व्हायझर सहज अडवतो. त्रास होतो तो फरशीवरून आणि मातीवरून उलटून वर येणाऱ्या उजेडाचा. व्हायझर खालून पांढरा असला की तो उजेड पुन्हा डोळ्यांत टाकतो. कॅप विकत घेताना ही बाजू उलटून बघणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटतं. आतली पट्टीही बदलली. सिंथेटिक पट्टी घाम धरत नाही, तो सरळ भुवईवर येतो. टर्किश टॉवेलचं सुती कापड लावलं. व्हायझरच्या पोटात प्लॅस्टिकची पट्टी घातली, कारण पुठ्ठा धुतला की फुगतो आणि दोन पावसाळ्यांत वाकडा होतो.

कानांकडे सगळ्यात जास्त वेळ गेला. मफची गादी कातडीला सगळीकडून चिकटली पाहिजे. कॅपची कड तिच्याखाली शिरली की फट राहते आणि तेवढ्या फटीतून आवाज आत येतो. १४० डेसिबलच्या वरचा धमाका कानाला कायमचं दुखवू शकतो, मग रोज शंभर गोळ्या मारणाऱ्या पोरांचं काय! म्हणून माप मफ लावूनच घेतलं, कपभोवती खडूने रेघ मारली आणि बाजूची कळी त्या रेघेच्या वर कापली. मागे वेणीसाठी उघडी जागा ठेवली, आवळायला कापडी पट्टा आणि सपाट बक्कल. वेल्क्रोत केस अडकतात.

ट्रायल रेंजवरच घेतली. सर स्टुलावर चढले आणि गार पुंगळ्या मुठीत घेऊन तिच्या कपाळावर वेगवेगळ्या कोनांतून सोडू लागले. समोरून, वरून पडलेल्या सगळ्या व्हायझरवर टकटक वाजून खाली गेल्या. उजव्या कानशिलाच्या बाजूने मात्र एखादी आत शिरायची. व्हायझर जास्त गोल वळवावा असा कुणाचा तरी सल्ला आला, पण सरांनी अडवलं. स्पर्धेत बाजूची नजर झाकणाऱ्या झापडांवर मर्यादा असते, आणि कॅप वाकवून तेच काम करून घेणं पंच चालू देत नाहीत. मग मी वळण सपाटच ठेवलं आणि व्हायझर कॅपला जिथे जोडतो, ती दोन्ही टोकं कानशिलापर्यंत मागे नेली. चष्म्याची फ्रेम आणि व्हायझर यांच्यात एका बोटाची जागा राखली. जास्त ठेवली तर पुंगळी शिरते, ठेवलीच नाही तर कॅप चष्म्याला ढकलते आणि भिंगाचा मध्य हलतो. ती मुलगी मफ लावून बराच वेळ हात वर-खाली करत उभी राहिली. शेवटी म्हणाली, "काकू, डोक्यावर काही आहे असं वाटतच नाहीये." माझ्या कामाला यापेक्षा मोठी दाद मला नको.

आता पालक विचारतात, हीच कॅप जानापावला किंवा पाताळपाणीला फिरायला चालेल का? चालेल, पण मी आग्रह करत नाही. डोंगरात कान आणि मान उघडी राहतात, तिथे चहूबाजूंनी कड असलेली हॅट बरी. तीच हॅट रेंजवर नको, तिची कड मफच्या कपांवर आपटते आणि मागून वर उचलली जाते. दोन कामांना दोन टोप्या, हे मी स्पष्ट सांगते, विक्री कमी झाली तरी.

पिस्तूलवाल्यांचं झाल्यावर रायफलची मुलं आली. त्यांचं दुखणं वेगळंच निघालं. ५० मीटर रायफलमध्ये झोपून, गुडघ्यावर आणि उभं राहून, अशा तिन्ही पद्धतींनी खेळायचं. गाल लाकडाला टेकलेला, डोळा मागच्या साइटच्या, म्हणजे ज्यातून बघून नेम धरतात त्या भागाच्या, अगदी जवळ. नियमाने व्हायझर कपाळापुढे ८० मिलिमीटरपेक्षा जास्त येता कामा नये आणि साइटला टेकताही कामा नये. उभ्या मुलाचं माप घेऊन हे कळणार कसं? एका मुलाला मी रायफल घेऊन चटईवर झोपायला लावलं आणि त्याच्या शेजारी गुडघे टेकून, टेप आणि खडू घेऊन बसले. झोपल्यावर त्याची कॅप भुवईच्या खाली उतरली आणि व्हायझर साइटवर चढला. त्याच्यासाठी तो ५५ मिलिमीटरचा कापला, आणि उभ्याने, गुडघ्यावर पुन्हा तपासला.