शून्याच्या जागी २३७

कोड माझ्याकडे तपासायला आला तेव्हा सगळ्या चाचण्या हिरव्या होत्या. ६४ बिटांच्या एका उपकरणासाठी लिहिलेली एक्स२५५१९ ची, म्हणजे दोन बाजूंना उघड्या वाटेवरून एकच गुपित ठरवू देणाऱ्या पद्धतीची, लायब्ररी होती. ही पद्धत मांडणाऱ्या आरएफसी ७७४८ या दस्तऐवजातली दहा लाख फेऱ्यांची चाचणीही बरोबर उतरली होती. तरीही समोरून ३२ शून्य बाइटांची पब्लिक की (समोरच्यानं उघडपणे पाठवायची संख्या) पाठवली की जी नाकारायला हवी ती बिनबोभाट स्वीकारली जात होती.

इथलं सगळं गणित पी या ७७ अंकी मूळ संख्येच्या बाकीत चालतं. पी म्हणजे २ चा २५५ वा घात वजा १९. निवड फार देखणी आहे. २ च्या २५५ व्या घाताला पीने भागलं की बाकी १९. त्यामुळे गुणाकार ५१० बिटांपर्यंत फुगला तरी भागाकार लागत नाही; २५५ बिटांवरचा भाग उचलायचा, १९ ने गुणायचा आणि खालच्या भागात मिळवायचा. संख्या ५१ बिटांच्या पाच तुकड्यांत ठेवली की प्रत्येक तुकड्यात १३ बिट मोकळे राहतात, म्हणून दर बेरजेला हातचे न्यावे लागत नाहीत.

हातचे फिरवून झाले की संख्या २५५ बिटांत बसते. पण २५५ बिटांत बसली म्हणजे पीपेक्षा लहान झाली असं नव्हे. पीपासून पुढे १९ संख्या उरतात, आणि बाकीच्या हिशेबात त्या ० ते १८ च असतात. त्यांना खाली आणणारी शेवटची पायरीच कोडमध्ये नव्हती. यादृच्छिक चाचण्या जन्मभर चालवल्या तरी या १९ पैकी एकही हाती लागणार नाही. त्या हातानं लिहून पाहायला दहा मिनिटं पुरतात. ती न देणं हा निष्काळजीपणाच.

आता शून्याचं काय झालं ते. पब्लिक की शून्य असली की गुपितही शून्यच निघायला हवं, आणि ते शून्य दिसलं की लायब्ररीनं नकार द्यायचा असतो. वजाबाकीत उत्तर ऋण होऊ नये म्हणून आधी २पी मिळवतात. मग अ वजा अ चं उत्तर २पी येतं, आणि २५५ बिटांवरचा भाग १९ ने गुणून खाली दुमडला की पी उरतो. धन संख्या अशी कितीही दुमडली तरी धनच राहते, म्हणून पुढच्या गुणाकारांत किंवा व्यस्त काढतानाही तिचं खरं शून्य कधी होत नाही. बाहेर पडणारे बाइट: २३७, मग तीस वेळा २५५, शेवटी १२७. तपासणारी ओळ फक्त ३२ शून्यं शोधते. ती सापडत नाहीत, आणि हल्लेखोराला आधीच ठाऊक असलेल्या गुपितावर सत्र सुरू होतं.

दुरुस्ती छोटी आहे. संख्येत १९ मिळवून २५५ बिटांच्या वर काय जातं ते पाहायचं: ० किंवा १. त्याला १९ ने गुणून मूळ संख्येत मिळवायचं, हातचे फिरवायचे, वरचा बिट टाकून द्यायचा. 'पीएवढी किंवा मोठी असेल तर पी वजा कर' अशी अट घालायची नाही, कारण लागणाऱ्या वेळेवरून गुप्त संख्येचा माग लागू शकतो. पहिल्या दुरुस्तीत नेमकी तीच अट होती. परत पाठवली.

एक गोष्ट मात्र अजून डोक्यातून जात नाही. शून्य ओळखणाऱ्या त्या ओळीला स्वतःची वेगळी चाचणी होती. तिला थेट ३२ शून्यं दिली होती, आणि ती पास झाली होती.