'रिसेप्टर थकले' म्हणून चालत नाही

बी.फार्मच्या वर्गात टॉलरन्सचा, म्हणजे तोच डोस हळूहळू कमी लागू पडण्याचा, तास सोपा जातो. उंदराला मॉर्फीन द्या, हॉट प्लेटवर ठेवा. पहिल्या दिवशी स्वारी निवांत. काही दिवसांनी तोच डोस देऊनही लगेच मागचा पाय चाटते, उडी मारते. 'रिसेप्टर (औषध जिथे बसून काम करतं ती पेशीवरची जागा) थकले, मॅडम,' असं उत्तर येतं आणि वर्ग ते वहीत उतरवून घेतो.

मग मी विचारते, त्याच मॉर्फीनवर अ‍ॅक्टोफोटोमीटरमध्ये, म्हणजे हालचाल मोजणाऱ्या पेटीत, हा पठ्ठ्या दिवसागणिक जास्त का पळतो? इथे प्रकाशकिरण तुटल्याचे आकडे चढत जातात. एकाच प्राण्यात वेदनाशमन घटतंय आणि धावपळ वाढतेय. थकव्याच्या हिशोबात हे बसत नाही.

थकवा अगदीच खोटा नाही. 2000 साली बोन आणि सहकाऱ्यांनी बीटा-अरेस्टिन-2 नसलेल्या उंदरांना मॉर्फीन दिलं. रिसेप्टरला लगाम घालणारं हे प्रथिन नाही म्हटल्यावर वेदनाशमनाचा टॉलरन्स आला नाही. विथड्रॉवलची, म्हणजे औषध तुटल्यावरची, लक्षणं मात्र आलीच!

पण मला जास्त आवडतो तो 1991चा त्रुहियो आणि अकिल यांचा प्रयोग. त्यांनी मॉर्फीनबरोबर एमके-801 दिलं. हे औषध ग्लूटामेट या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाचा एनएमडीए रिसेप्टर अडवतं, म्हणजे शिकताना मेंदू वापरतो तोच दरवाजा. वेदना पहिल्यासारखीच शमली, पण टॉलरन्स फारसा चढला नाही. अ‍ॅम्फेटामिन आणि कोकेनचं सेन्सिटायझेशनही (त्याच डोसचा परिणाम दिवसागणिक वाढत जाणं, वरच्या धावपळीसारखं) एमके-801 रोखतं. दोन उलट दिशांचे बदल, अडवणारं औषध एकच. (एमके-801ने उंदीर स्वतःच झोकांड्या खातो, त्यामुळे या निष्कर्षांवर भांडणंही भरपूर झाली. ती रास्तच होती.)

शिकण्याचा संबंध किती खोल आहे हे सीगल यांनी 1982 साली दाखवलं होतं. हेरॉइनला सरावलेल्या उंदरांना मोठा डोस दिला. नेहमीच्या खोलीत 32 टक्के मेले, वेगळ्या खोलीत 64 टक्के, आणि आधी हेरॉइन न मिळालेल्यांपैकी 96 टक्के. औषध तेच, डोस तोच. पहिल्या दोन गटांत बदलली फक्त खोली.

हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही मोबाईल खाली ठेवतात. पुढच्या तासाला कोकेन: अधूनमधून टोचलं तर सेन्सिटायझेशन, पंपाने अखंड सोडलं तर टॉलरन्स. पेपरात मात्र अजून 'टॉलरन्स आणि सेन्सिटायझेशन: फरक स्पष्ट करा', पाच गुण, दोन रकाने.